चारी बाजूंनी बंद

कुलूप उघडायला वेळ लागला नाही. चावी फिरली, दार आत सरकलं आणि सहा महिने बंद असलेल्या घरातून जो वास यायला हवा तो आलाच नाही. कुबट नाही, उंदरांचा नाही, बुरशीचा नाही. आला तो पाइनच्या डिंकाचा गोडसर, नाकाला किंचित झोंबणारा वास. सुतार नुकतेच जेवायला उठून गेले असावेत असा. मी उंबऱ्यावरच थांबले. मागे निडीच्या शेतांत वालाच्या शेंगा भरल्या होत्या आणि रुळांवरून एक लांबलचक मालगाडी रोह्याकडे चालली होती. मी पाऊल आत टाकलं, दार आपोआप मागे टेकलं, आणि गाडीचा आवाज कोणी तळहाताने दाबल्यासारखा बारीक झाला.

घराचे मालक असलेल्या साहेबांच्या पुतण्याने मला फोन केला होता. काका गेले, घर विकायचं आहे, घेणारा तयार आहे, फक्त एकदा बघून कुठे गळतं का, लाकूड कुठे खाल्लंय का ते लिहून द्या मॅडम, असं त्याचं म्हणणं. पेणला माझं छोटंसं ऑफिस आहे, अशी कामं मी करते. या घराच्या पहिल्या दगडापासून मी तिथे उभी होते हे त्याला माहीत नव्हतं. मीही ते सांगितलं नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. सिव्हिलचा डिप्लोमा झाला होता आणि आम्ही रोह्याला राहत होतो. बाबा धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे. त्यांच्या कपड्यांना येणारा औषधी, आंबूस वास आमच्या घराचाच वास होता. बाहेरून आलेल्याला तो जाणवायचा, आम्हाला नाही. मी सकाळच्या गाडीने एक स्टेशन मागे निडीला उतरायची आणि बांधाबांधाने चालत प्लॉटवर जायची. ती माझी पहिली नोकरी. मालक एकच, काम एकच, आणि देखरेख करायला मी एकटी.

मालक म्हणजे सबनीस साहेब. आयुष्यभर जहाजावर इंजिनिअर होते. लग्न केलं नव्हतं. सत्तरी गाठल्यावर त्यांनी टेकडीच्या उतारावरचा हा तुकडा घेतला आणि त्यावर अख्ख्या ओंडक्यांचं घर बांधायचं ठरवलं. तरुणपणी कुठल्याशा थंड बंदरात ते तसल्या घरात एक रात्र राहिले होते. बाहेर वादळ होतं आणि आत टेबलावरच्या मेणबत्तीची ज्योत सरळ उभी होती. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा त्याच शब्दांत. त्यांची अट एकच. पावसाळ्याआधी घराचं कवच पुरं झालं पाहिजे. भिंती, छप्पर, दारं, खिडक्या. आतलं काय ते पुढे बघू. पण पाण्याचा थेंब आणि वाऱ्याची झुळूक, दोन्ही बाहेर राहिली पाहिजेत.

रोह्यातल्या सुतारांनी नकाशा पाहून मान हलवली. असलं काम कोणी केलं नव्हतं. मग कोणीतरी हिराजी मिस्त्रींचं नाव सुचवलं. ते धरमतरच्या खाडीकाठच्या गावातले. पूर्वी होड्या बांधायचे. फायबरच्या होड्या आल्यावर ते काम आटलं आणि ते मिठागरात भरतीचं पाणी घेणाऱ्या उघड्यांची दारं दुरुस्त करत दिवस काढत होते. साहेब स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले. मिस्त्री उंच, वाळलेले, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनी नकाशा बघितलाच नाही. ओंडक्यांच्या ढिगाभोवती एक फेरी मारली, एका ओंडक्यावर कान टेकवला, पटाशीच्या मुठीने ठकठक केलं आणि म्हणाले, होईल.

ते ओंडके बंदरातून ट्रेलरने आले होते, परदेशी, सोललेले, मधाच्या रंगाचे. फेब्रुवारीच्या उन्हात त्यांतून डिंक पाझरायचा आणि सगळ्या माळावर एक अनोळखी थंड वास पसरायचा. आमच्याकडच्या सागाला, आइनाला असा वास नसतो. गुरं त्या ढिगाजवळ यायची, फुरफुरायची आणि वळसा घालून निघून जायची.

आधी काळ्या दगडाचं जोतं झालं, वाळवी चढू नये म्हणून कमरेएवढं उंच. त्यावर डांबराचा थर. मग पहिले चार ओंडके बसले, खालून तासून सपाट केलेले. पुढचं काम संथ होतं. वरचा ओंडका खालच्यावर नुसता ठेवायचा, दोन टोकांचा कंपास घेऊन खालच्याचे सगळे उंचवटे वरच्यावर उतरवायचे, मग वरचा पालथा करून त्याच्या पोटात तेवढीच पन्हळ कोरायची आणि परत बसवायचा. कोपऱ्यात खोगिरासारख्या खाचा. नीट जमलं की ओंडका खाली बसताना एक आवाज यायचा, जाड पुस्तक मिटल्यासारखा. मिस्त्री त्या आवाजाची वाट बघत उभे राहायचे. तो आला नाही की दोन्ही गड्यांना म्हणायचे, उचला. प्रत्येक सांध्यात ते तेलात शिजवलेल्या राळेत बुडवलेला कापूस ठासायचे, होडीत ठासायचे तसाच. दुपारी चुलीवर ती राळ रटरटायची आणि तिच्या धुरात डोळे चुरचुरायचे.

ओंडक्यांच्या घराची एक रीत मला तोवर माहीत नव्हती. भिंती आधी सलग उभ्या करतात. दार नाही, खिडकी नाही. ती सगळी नंतर करवतीने कापून काढतात. त्यामुळे दहा-बारा दिवस माळावर नुसता एक लाकडी चौकोन उभा होता, ज्यात शिरायला वाटच नव्हती. आत उतरायचं तर भिंतीला शिडी लावून वर चढायचं आणि दुसऱ्या शिडीने खाली. मी रोज मापं घ्यायला उतरायची. वर आकाशाचा चौकोन, खाली सावली, आणि विहिरीत असते तशी शांतता. बाहेर गडी बोलत असायचे, पण त्यांचा आवाज आत येत नसे. एकदा मी आतून हाक मारली. नंतर विचारलं तर कोणालाच ऐकू गेली नव्हती.

त्या दिवसांत मिस्त्री आत उतरत नसत. मला वाटलं, वयामुळे. एकदा जेवताना विचारलं तेव्हा त्यांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून मला सांगितलं.

"होडीला वरची बाजू उघडी असते, बाय. चारी बाजूंनी बंद असं मी जल्मात काय बांधलं नाय."

मग दारं-खिडक्या कापल्या गेल्या. करवतीची कर्कश धार, पिवळ्या भुशाचे ढीग, आणि भिंतीतून अचानक दिसलेलं शेत. आढं चढलं, वासे बसले, फळ्या, त्यावर डांबरी कागद, त्यावर कौलं. ओंडके वाळत जातात तशा भिंती खाली बसतात, म्हणून चौकटींच्या डोक्यावर मुद्दाम फट सोडून तिच्यात कापूस भरला. एप्रिल संपला. साहेब रोज येऊन खुर्ची टाकून बसायचे आणि आकाशाकडे बघायचे.

मिस्त्रींच्या डोळ्यांचं मला तेव्हाच कळलं. सांधे तपासताना ते बोटांनी चाचपायचे, डोळ्यांनी नाही. मी एका ठिकाणी उजेडाची रेघ दाखवली तर ते चुकीच्याच जागी बघत हो म्हणाले. संध्याकाळी स्टेशनकडे निघताना ते माझ्या मागे बांधापर्यंत आले. दोन्ही डोळ्यांत पडदा आलाय, हात अजून चुकत नाहीत, साहेबांना बोलू नकोस, एवढंच म्हणाले. हे काम पुरं झालं की मी पटाशी ठेवली, असंही म्हणाले. मला रात्रभर वाटत होतं की सांगायला हवं. उद्या गळलं तर नाव माझं जाणार होतं. सकाळी साहेबांसमोर उभी राहिले आणि काहीच बोलले नाही.

उलट मिस्त्रींनीच मार्ग काढला. होडी पुरी झाली की किनाऱ्यावर उपडी घालतात, तेव्हा एक माणूस तिच्याखाली शिरतो. आत गडद अंधार. ऊन जिथून आत शिरतं तिथे बारीक ठिणगी दिसते. तिथे खूण करायची, मग बाहेरून कापूस ठासायचा. तसंच इथे करू, तू आत बस, ते म्हणाले. मी विचारलं, होडीखाली कोण शिरायचं? त्यांनी खांद्यावरचा पंचा झटकला आणि गड्यांना खिडक्यांवर प्लायवूड मारायला सांगितलं.

भर दुपारी बारा वाजता त्यांनी मला आत घातलं. हातात निळा खडू. दार बाहेरून ओढून घेतलं आणि फटीला गोणपाट लावलं.

सुरुवातीला काही दिसेना. मग एकेक ठिणगी उमलू लागली. कोपऱ्यात एक, खिडकीच्या डोक्यावर दोन, जोत्याजवळ एक. मी चाचपत जायची, फुली मारायची, पुढे सरकायची. बाहेरून काहीही ऐकू येत नव्हतं. स्वतःचा श्वास मात्र दोनदा ऐकू यायचा, एकदा माझा आणि एकदा थोडा उशिरा. भिंतीवरून परत येत असेल, मी मनाशी म्हटलं. पुढे वरच्या अंगाला, वाशांच्या जवळ, काकणं वाजली. काचेची काकणं. मनगटावरून कोपराकडे सरकताना वाजतात तशी. माझ्या हातात फक्त घड्याळ होतं.

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. ओरडले नाही, कारण आतली हाक बाहेर जात नाही हे मला ठाऊक होतं. काकणं थांबत थांबत आढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे गेली. घाईने नाही. एखादी बाई काम करताना जाते तशी. मग दार उघडलं.

उजेडात माझ्या निळ्या फुल्या दिसल्या, चौदा की पंधरा. आणि वर, जिथे माझा हात शिडीशिवाय पोचणं शक्य नव्हतं, तिथे पांढऱ्या खुणा होत्या. फुल्या नव्हेत. तीन बोटं ओल्या चुन्यात बुडवून खाली ओढल्यासारख्या तीन-तीन रेघा. शिडी बाहेर होती. गड्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझे हात बघितले, निळे झाले होते.

मिस्त्रींना खुणा दिसल्या नसाव्यात. मी सांगितलं, काका, वर चुन्याच्या रेघा आहेत, तीन-तीन. त्यांनी मग शिडी मागवली, चढले, पहिल्या खुणेवर बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. खाली उतरून त्यांनी गड्यांना सगळ्या जागा ठासायला सांगितल्या, निळ्या आणि पांढऱ्या दोन्ही. पांढऱ्या खुणांच्या मागे खरोखर फटी निघाल्या. एकही खूण खोटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चांगुणाबद्दल सांगितलं. त्यांची बायको. लग्न झालं त्या वर्षापासून प्रत्येक होडीखाली तीच शिरायची. पानाच्या डबीतला चुना तीन बोटांवर घ्यायची आणि उजेड दिसला की ओढायची. आतून काकणं वाजली की मिस्त्रींना बाहेर कळायचं, ती कुठवर पोचली. ती जाऊन पाच पावसाळे झाले होते. त्यानंतर त्यांनी एकही होडी बांधली नाही. हे सगळं त्यांनी राळ ढवळत, माझ्याकडे न बघता सांगितलं. मी काकणांचं बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाही.

पाऊस आला आणि घरात थेंब शिरला नाही. साहेबांनी माझ्याकडून तसं लिहून घेतलं, माझी सही असलेला तो पहिला कागद. फरशी नव्हती, रंग नव्हता, एक दिवा, एक टेबल आणि एक खाट एवढ्यावर साहेब राहायला आले. रविवारी मी जायची. छपरावर पाऊस कोसळत असायचा आणि आत तो लांबच्या गावात पडत असल्यासारखा वाटायचा. ओल्या मातीचा वासही आत येत नसे. फक्त डिंक, राळ, आणि कधीकधी पानाच्या डबीचा थंड, तिखट वास. साहेब पान खात नव्हते.

जुलैच्या मध्यावर मी गेले तर टेबलावर दोन कप होते, दोन्हींत चहा. मला वाटलं, माझ्यासाठी. पण साहेबांनी माझ्यासाठी तिसरा आणला. दुसऱ्याला हात लावला नाही. थोड्या वेळाने स्वतःहून सांगायला लागले, लाजत लाजत, म्हाताऱ्या माणसाने प्रेमाची गोष्ट सांगावी तसं. आयुष्यभर केबिनमध्ये एकटा झोपलो. इथे संध्याकाळी कोणीतरी वावरतं. काकणं वाजतात. परवा जोराचा वारा होता तर सकाळी उत्तरेच्या भिंतीवर खूण होती, बघितलं तर कापूस सुटला होता. पाणी कुठून येईल ते ती आधी सांगते. मी दिवसभरात काय केलं ते तिला सांगतो. ती ऐकते असं वाटतं.

त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी बघितला नव्हता. मी चहा तसाच ठेवला आणि गाडी चुकेल म्हणून उठले.

मिस्त्रींना हे मी सांगितलं नाही. ते आपणच आले. ऑगस्टमध्ये, उघडीप होती त्या दुपारी, मी प्लॉटवर असताना ते बांधावरून काठी टेकत येताना दिसले. खांद्याला पिशवी. त्यांनी दार वाजवलं नाही. घराला वळसा घालून उत्तरेच्या भिंतीशी गेले, ओंडक्यावर कान टेकवून उभे राहिले, खूप वेळ, डोळे मिटून. त्यांचा तळहात आतल्या आवाजामागे ओंडक्यावरून सरकायला लागला तेव्हा मला कळलं त्यांना काय ऐकू आलं ते. साहेबही बाहेर आले होते. तिघं ओट्यावर बसलो.

मिस्त्री म्हणाले, मला दिसत नव्हतं म्हणून मी तिला मनात हाक मारली. ती आली, काम केलंन, आणि मी वरून झाकण घातलं. होडी असती तर उलथून पाण्यात ढकलली असती, ती सुटली असती. इथून जायला वाट ठेवली नाही मी. एक भोक पाडू द्या, अंगठ्याएवढं.

साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता कोंडली. मला तर ती राहतेय असं वाटतं."

"साहेब, ती माझी बायको हाय."

माळावर कुठेतरी टिटवी ओरडत गेली. साहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. मला वाटलं ते नाही म्हणतील. घर त्यांचं होतं, आणि त्यात आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्यासोबत होतं. ते उठले, आत गेले, दाराशी घटकाभर उभे राहिले, आत बघत. काहीतरी बोलले, ते आम्हाला ऐकू आलं नाही. मग बाहेर येऊन पायांत चपला घातल्या आणि मी स्टेशनपर्यंत जाऊन येतो, कुठे पाडायचं ते तुम्ही बघा, एवढं म्हणून बांधाला लागले. एकदाही मागे वळले नाहीत.

मिस्त्रींनी पिशवीतून गिरमिट काढलं. जागा त्यांनी सांगितली, उत्तरेच्या भिंतीच्या वरच्या त्रिकोणात, आढ्याच्या खाली, खाडीच्या दिशेला. आम्ही आतून शिडी लावली. त्यांना टोक टेकवता येईना, म्हणून मी त्यांच्या मागच्या पायरीवर उभी राहून त्यांच्या हातांवर हात ठेवले. माझ्याच सहीने बंद केलेलं घर मी उघडत होते, हे तेव्हा लक्षात आलं आणि त्याचं काहीच वाटलं नाही. लाकूड मऊ होतं. भुसा आमच्या मनगटांवर पडत राहिला. टोक पलीकडे निघालं, मिस्त्रींनी गिरमिट मागे ओढलं, आणि माझ्या कानाजवळून हवा गेली. आतून बाहेर. कोमट, कोणीतरी धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी, चुन्याच्या वासाची. कितीतरी वेळ जात राहिली. मग बाहेरचे आवाज आत आले, बेडूक, ओहोळ, लांब कोणीतरी गुरांना हाकतंय ते, सगळे एकदम.

मिस्त्री शिडीवरच उभे होते. त्यांनी हळूच म्हटलं, "जा गो."

त्यानंतर साहेब त्या घरात सहा वर्षं राहिले. फरशी झाली, स्वयंपाकघर झालं. मी लग्न होऊन पेणला आले, तरी वर्षातून एकदोनदा जायची. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. टेबलावर एकच कप असायचा. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी ओघळायचं, खाली त्यांनी एक पातेलं ठेवलं होतं आणि ते भरलं की स्वतः ओतून यायचे. बुजवून देऊ का, असं मी एकदा विचारलं. असू दे, ते म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, मिस्त्री बरे आहेत ना?

आता मी त्याच घरात उभी होते, हातात टॉर्च आणि वही. ओंडके काळसर तपकिरी झाले होते. भिंती बसल्या होत्या तशा, चार बोटं, हिशेबाप्रमाणे. वाळवी नव्हती. गळती एकच. त्रिकोणातल्या भोकापासून खाली एक लांब काळपट ओघळ आला होता. त्याच्या शेजारी, खिडकीच्या फळीवर, एक लहानशी पितळी डबी होती. मी ती उघडली. आत चुना होता, काठोकाठ, वाळून दगड झालेला. वरचा पापुद्रा गुळगुळीत होता. त्यात कोणाचंही बोट बुडलेलं नव्हतं. फळीवर डबीखाली एकावर एक सात-आठ गोल पांढरे डाग होते. चुना वाळला की साहेब नवा भरत असावेत. मी खाली बसले. बाहेर वालाच्या शेतात बायका शेंगा तोडत बोलत होत्या आणि त्यांचं बोलणं त्या भोकातून स्पष्ट आत येत होतं.

पुतण्याला मी ओट्यावरूनच फोन केला. घर चांगलं आहे, एक भोक आहे, ते बिघाड नाही, मुद्दाम पाडलेलं आहे, घेणाऱ्याला तसं सांगा. बुजवायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल. तो म्हणाला, लिहून द्या. डबी घेऊ का, असं विचारलं, तर कसली डबी ते त्याला कळलं नाही, घ्या म्हणाला.

पेणला घरी जायच्याऐवजी मी वडखळवरून पुढे धरमतरला गेले. खाडीला ओहोटी लागली होती. चिखलाचा आणि मिठाचा वास, कडेला उपड्या घातलेल्या फायबरच्या निळ्या होड्या. मिस्त्रींचं घर शोधावं लागलं नाही. ते पडवीत बसले होते. डोळे पूर्ण गेले होते. ऑपरेशनसाठी आपण किती मागे लागलो ते सुनेने सांगितलं, यांनीच ऐकलं नाही. मिस्त्रींनी माझा आवाज ओळखला. हात पुढे केला आणि माझा हात चाचपून बघितला.

साहेब गेल्याचं मी सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी मान खाली घातली. मग सून आत गेल्याचं पावलांवरून ऐकलं आणि माझ्याकडे वाकले. सहा वर्षांत त्यांनी एकदाही न विचारलेलं त्यांनी विचारलं.

"परत साहेबांकडं गेली काय ती?"

मी म्हटलं, मला वाटलं ती इथे आली असेल.

त्यांनी मान हलवली. "मना पन वाटलेलं. दार उघडं ठेवून निजायचो. नाय आली."

मी डबी त्यांच्या हातात दिली. साहेबांनी ती कुठे ठेवली होती, चुना कसा नवा नवा भरत होते, आणि शेवटचा कसा तसाच वाळला, ते सांगितलं. त्यांनी झाकण उघडलं, आतला दगड बोटाने चाचपला, कडेने, मध्ये, परत कडेने. ते शोधत होते तो तीन बोटांचा खळगा बोटाला लागला नाही. बोट त्यांनी जिभेला लावलं नाही. डबी मिटवून मांडीवर ठेवली.

"म्हंजे गेली," ते म्हणाले. "दोघांना फसवलं गो तिनं."

आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग घशातून, मग मोठ्याने, मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळेपर्यंत. मलाही हसू आलं. सून हातातलं काम टाकून दारात आली आणि चौकटीला धरून बघत राहिली, कारण लग्न होऊन या घरात आल्यापासून सासऱ्यांना हसताना तिने कधी ऐकलं नव्हतं.